पाटीवर नाव कुणाचं?



गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत आणि गटाच्या बैठकांत एक विषय पुन्हा पुन्हा निघतो आहे. बचतगटाचे हिशेब ठेवणाऱ्या, पोस्टाची किंवा विम्याची एजन्सी करणाऱ्या कितीतरी जणी विचारताहेत, हे काम आता पुढे कसं न्यायचं? म्युच्युअल फंडाची परीक्षा द्यावी का? सल्ल्याची फी घ्यावी का? एकटीनं करावं की कुणाला सोबत घ्यावं? ‘हे धंद्याचे प्रश्न, आपल्या अंकात कशाला?’ असं एका कार्यकर्तीनं मला स्पष्टच विचारलं. मला हे आपलेच प्रश्न वाटतात. का, ते सांगते.

महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ साली सुरू झाली. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते घरोघर जाऊन गोळा करायचे, कार्डावर नोंद करायची, पैसे पोस्टात भरायचे आणि त्यावर ४ टक्के कमिशन घ्यायचं. २०११ साली अल्पबचतीच्या इतर एजंटांचं कमिशन सरकारनं घटवलं, काही योजनांवरचं बंदच केलं, पण हे ४ टक्के राहिले. ही एजन्सी बाईलाच मिळते. आता आपल्या आजूबाजूला जरा पाहा. परवान्यावर नाव बायकोचं, फिरणारा नवरा नाहीतर दीर, आणि कमिशन जमा होतं त्या खात्याचं पासबुक त्याच्या कपाटात, अशी घरं प्रत्येकीला माहीत असतील. याच्या उलटही दिसतं. ऊन-पावसात जिने चढणारी बाई आणि बाहेर पाटी ‘अमुक अमुक, गुंतवणूक सल्लागार’ अशी, नवऱ्याच्या नावाची. दोन्ही घरांत बाईला विचारलं तर उत्तर एकच येतं, ‘घरचंच आहे ना सगळं!’

आमच्या गटातली एक मैत्रीण गेली वीस वर्षं हे काम करते आहे, आणि तिचं पासबुक तिच्याच पर्समध्ये असतं. दीडशे घरं, घरटी सरासरी हजार रुपये. म्हणजे महिन्याला दीड लाखाची गोळाबेरीज आणि सहा हजार कमिशन. गुडघे दुखायला लागले तेव्हा भाच्यानं सुचवलं, ‘मावशी, आता फंडाचं काम घे, बसल्या जागी होतं.’ तिनं परीक्षा दिली, नोंदणी केली. आम्ही दोघी कागद घेऊन हिशेबाला बसलो. समजा शंभर घरांनी दरमहा हजार रुपये फंडात टाकले. फंडाचं कमिशन भरलेल्या हप्त्यावर मिळत नाही, साठलेल्या रकमेवर मिळतं. वर्षाला पाऊण टक्का धरला तर पहिल्या अख्ख्या वर्षात पाच हजारसुद्धा होत नाहीत. हीच शंभर घरं पोस्टात असती तर दर महिन्याला चार हजार! पाचव्या वर्षी भरलेली रक्कम साठ लाख होते आणि वर्षाचे पंचेचाळीस हजार येतात, बाजार चढला तर थोडे जास्त, पडला तर कमी. थोडक्यात, हे काम आंब्याच्या कलमासारखं आहे. पहिली चार-पाच वर्षं घर चालवायला दुसरं काही हवंच. म्हणून एकदम पोस्ट सोडून देऊ नका, असं मी तिला सांगितलं आणि तुम्हालाही सांगते.

फीचा प्रश्न याहून अवघड. सेबीनं गुंतवणूक सल्लागारांसाठी २०१३ साली नियम केले. विकण्याचं कमिशन घेणं एक आणि सल्ल्याची फी घेणं दुसरं, हा भेद त्यात आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो आणखी कडक झाला. व्यक्ती म्हणून सल्लागाराची नोंदणी केली की फंड विकून कमिशन घेता येत नाही, आणि नुसती विक्री करणाऱ्यांना ‘सल्लागार’ हे बिरुद लावता येत नाही. हे मला पटतं. जिचं पोट विक्रीवर आहे तिचा सल्ला निर्मळ राहणं कठीण, मग ती कितीही सज्जन असो. डिसेंबर २०२४ मध्ये नियम सैल झाले. पूर्वीची मालमत्तेची अट गेली. दीडशे ग्राहकांपर्यंत एक लाखाची ठेव ठेवली की पुरते. पदवी आणि परीक्षा मात्र हवीच. एका कुटुंबाकडून ठरावीक फी वर्षाला १ लाख ५१ हजारांपर्यंत घेता येते. (हा आकडा वाचून आमची मैत्रीण पोट धरून हसली.)

ती हसली, पण पाच हजार मागायलाही तिची जीभ रेटेना. का? वीस वर्षं ती वस्तीतल्या बायकांना सल्लाच देते आहे. नवरा गेल्यावर खात्याचं काय करायचं, वारसनोंद म्हणजे मालकी नव्हे, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली नवऱ्यानं बायको-मुलांसाठी विमा घेतला तर त्याचे सावकार त्या पैशाला सहसा हात लावू शकत नाहीत – हे सगळं तिनं चहाच्या कपाबरोबर फुकट सांगितलं. बाईनं सांगितलं की तो शेजारधर्म होतो. तेच टाय लावलेल्या माणसानं सांगितलं की त्याची पावती फाडली जाते. घरकामाला मोल नाही याविरुद्ध आपण इतकी वर्षं बोलतो आहोत, मग या कामाला मोल मागताना कचरायचं कारण नाही.

‘पण गरीब बाई फी कुठून देणार?’ हा आक्षेप खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईला पोस्टाचं कार्ड आणि गटाची बचतच योग्य, तिच्याकडून सल्ल्याची फी घ्यायची नाही. शिक्षिका, परिचारिका, पेन्शनवाल्या बाईंकडून घ्यायची. तिथे लाजायचं नाही. फुकट सल्ल्याचा एक धोकाही आहे. जी बाई काहीच मिळवत नाही, तिला मोठ्या कमिशनचं आमिष दाखवणारे बरोबर हेरतात. पीएसीएल या कंपनीला लोकांचे ४९ हजार कोटींहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश सेबीनं २०१४ साली दिला. अशा योजनांचे पैसे गोळा करणारे एजंट गावचेच असतात, आणि कंपनी बुडाली तरी त्यांना राहायचं त्याच गल्लीत असतं.

आता एकटी की सोबत? एकटीनं करण्यात सुख आहे, निर्णय आपला आणि पैसा आपला. पण ती आजारी पडली, मुलीच्या बाळंतपणाला गेली, तर ग्राहकांनी कुणाकडे जायचं? शिवाय व्यक्ती म्हणून नोंदणी केलेल्या सल्लागाराला तीनशे ग्राहकांच्या पुढे एकटीनं राहता येत नाही, संस्था करावी लागते. म्हणून माझा कल दोघींच्या भागीदारीकडे आहे. मात्र ती कागदावर हवी. मैत्रिणी इथेच चुकतात. ‘आपल्यात कसला करार?’ म्हणतात, आणि मग १९३२ चा भागीदारी कायदा त्यांच्या वतीनं करार करून टाकतो. काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा समसमान, मग एकीनं दिवसभर काम केलेलं असो नाहीतर दुसरीनं नुसतं भांडवल घातलेलं असो. कामाचा वेगळा पगार नाही. एकीनं धंद्यात केलेलं देणं दुसरीच्या घरावरही येऊ शकतं. एक गेली तर, वेगळं ठरलं नसल्यास, भागीदारीच संपते. आणि भागीदारी नोंदवलेली नसेल तर करारावरचा हक्क मागायला कोर्टात जाणंही मुश्किल. देणं अंगावर येऊ नये यासाठी २००८ च्या कायद्यानं मर्यादित दायित्वाची भागीदारी आणली आहे. तिची कागदपत्रं दरवर्षी भरावी लागतात, त्याचा खर्च आधीच हिशेबात धरा.

नवऱ्याबरोबर भागीदारी नकोच असं मी म्हणत नाही. पण तिथेही करारपत्र करा, तिथे तर आधी करा. त्यात तिचा टक्का लिहा, तिच्या खात्यात किती आणि कधी जमा होणार ते लिहा, आणि संसार मोडला तर ग्राहकांची वही कुणाकडे राहणार तेही लिहा. एवढं लिहायला नवरा कां-कूं करू लागला, तर भागीदारीविषयी जे कळायचं ते तिथेच कळलं.

आमच्या मैत्रिणीनं गटातल्याच एका निवृत्त बँक कारकून बाईंना सोबत घ्यायचं ठरवलं आहे. पोस्टाची एजन्सी तिच्या एकटीच्या नावावर राहील, फंडाचं काम दोघींचं. नफा साठ-चाळीस, कारण घरं तिची आहेत. वर्षातून प्रत्येकीला एक महिना रजा, आणि त्या महिन्याचाही हिस्सा मिळणार. या रजेच्या कलमावरून मसुदा करणाऱ्या वकिलांनी भुवया उंचावल्या. ‘असं कुणी लिहीत नाही,’ म्हणाले. दोघींनी ते कलम तसंच ठेवलं. पुढच्या आठवड्यात मुद्रांक घ्यायला जायचं आहे. पाटीवर कुणाचं नाव आधी, यावर मात्र अजून वाद चालू आहे.