उपचार संपले, आता चालूया

चामराजपेटेतल्या आपल्या मराठी घरांतही आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि केमो उरकून माणूस घरी आला, की सगळे मायेने म्हणतात, "आता फक्त आराम करा!" २०२५ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास मात्र वेगळंच सांगतो. त्यात ८८९ रुग्ण होते. निम्म्यांना ३ वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करायला लावला, बाकीच्यांना केवळ माहितीपुस्तिका दिली. ८ वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के हयात होते, दुसऱ्या गटात ८३ टक्के. तेव्हा वाचकहो, आधी डॉक्टरांना विचारा. औषधं आणि तपासण्या चुकवू नका. मग रोज सकाळी आपल्या माणसाला सोबत घेऊन पहिल्या मेनपासून पाचव्या मेनपर्यंत चालून या. एकट्याला कंटाळा येतो; तुम्ही बरोबर असलात तर येणार नाही.