महाविद्यालय निवडताना दोन्ही पंख पाहावेत

नीट परीक्षेचा निकाल लागला की पुढील काही आठवडे आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात रुग्णांच्या रांगेत एखादे पालकही बसलेले असतात. त्यांची तक्रार शरीराची नसते. ‘डॉक्टर, मुलीला बी.ए.एम.एस.ला घालायचे आहे, कोणते कॉलेज चांगले?’ एवढाच त्यांचा प्रश्न असतो. राजपुरी खाडीच्या मुखाशी वसलेल्या दिघीसारख्या गावात या प्रश्नाला विशेष वजन आहे. पलीकडच्या आगरदांड्याला जायचे तर जंगलजेट्टी गाठावी लागते आणि रेल्वे पकडायची तर म्हसळामार्गे माणगाव. येथील विद्यार्थी वरळीस जावो, खारघरला जावो, पुण्यास जावो की सावंतवाडीस, घर सोडूनच त्याला शिकावे लागते. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता मिळून वयाची साडेपाच वर्षे तो परक्या गावी काढणार असतो. तेव्हा आपण दिलेल्या उत्तराची जबाबदारीही तेवढीच मोठी आहे.

या बाबतीत पालकांचे सामान्यतः दोन पक्ष आढळतात. पहिल्या पक्षास केवळ निकालाची टक्केवारी हवी असते. मुलाने खोलीत बसून वाचावे, स्नेहसंमेलन, नाटक, क्रीडास्पर्धा यांत वेळ दवडू नये, अशी त्यांची अपेक्षा असते. दुसरा पक्ष मुलांचा. वसतिगृह कसे आहे, वातावरण मोकळे आहे का, शहर जवळ आहे का, ही त्यांची चौकशी. दोन्ही पक्ष अभ्यास आणि सहजीवन यांना एकमेकांचे वैरी समजतात. आमच्या मते मूळ चूक येथेच आहे.

आपल्या शास्त्राने हा भेद कधी मानलेला नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले, ते अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा हे होत. यांतील एकच उपाय एकट्याने करता येण्याजोगा आहे. उरलेल्या दोहोंना दुसरा माणूस लागतो. समविद्य मित्राशी केलेल्या चर्चेने संशय फिटतो, वाणी स्पष्ट होते आणि स्वतःला जे येत नाही ते कळते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. सुश्रुताचार्यांनी तर केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा, अशा दोघांनाही एकाच पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. ज्या महाविद्यालयात पाठांतर आहे पण रुग्ण नाहीत, अथवा उत्सव आहेत पण ग्रंथालय ओस आहे, तेथून असे एकपंखी पदवीधरच बाहेर पडणार.

आज सर्वांत चिंतेची बाब ही की काही ठिकाणी दोन्ही पंख कापलेले असतात. प्रवेश घ्यावा, शुल्क भरावे, आणि वर्गात न येता परीक्षेपुरते यावे, अशी ‘सोय’ उघडपणे सांगितली जाते. नियमानुसार सैद्धांतिक व प्रात्यक्षिक अशा दोहोंत किमान ७५ टक्के उपस्थिती आवश्यक आहे. तरीही पालक या सोयीला भुलतात, कारण तेवढ्या काळात मुलाला एखाद्या रुग्णालयात नोकरी करता येईल, असा त्यांचा हिशेब असतो. व्यवहारात उतरल्यावर खरे शिक्षण होते, हे बोलणे आपल्याकडेही ऐकू येते. त्यात तथ्य आहे, परंतु ज्याचा पायाच घातला गेला नाही त्यावर व्यवहार काय रचणार? असा विद्यार्थी गुरूला मुकतो, सहाध्यायाला मुकतो आणि शेवटी स्वतःच्या शास्त्रावरील विश्वासालाही मुकतो. पदवीच्या पाटीखाली तो दुसऱ्याच पद्धतीची औषधे लिहू लागतो, याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

मग परीक्षा कशी करावी? आपण रुग्णाची परीक्षा दर्शन, स्पर्शन, प्रश्न यांनी करतो. तीच पद्धत येथे वापरावी. माहितीपत्रकातील छायाचित्रांवर विसंबू नये. कामकाजाच्या दिवशी, सकाळच्या वेळी, पूर्वसूचना न देता महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन बसावे. २०१६ च्या किमान निकषांत ६० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयासाठी ६० खाटांचे रुग्णालय, बाह्यरुग्ण विभागात दररोज सरासरी १२० रुग्ण आणि आंतररुग्ण विभागातील ४० टक्क्यांहून अधिक खाटा भरलेल्या, अशी अपेक्षा होती. निकषांचे तपशील पुढे बदलत गेले, १९७० च्या कायद्याखालील केंद्रीय परिषद जाऊन २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोग आला, तरी मूळ कसोटी बदललेली नाही. गादीवर कोणी झोपलेले आहे काय, पंचकर्म विभागात तेलाचा वास येतो काय, रसशाळेतील भट्टी या महिन्यात पेटली होती काय, एवढे पाहिले तरी निम्मे निदान होते. त्या वर्षीच्या प्रवेशांना आयोगाची परवानगी आहे की नाही, हे तर सर्वांआधी तपासावे.

उरलेले निम्मे निदान अंगणात होते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना भेटावे. वनौषधींच्या सहली निघतात का, धन्वंतरी जयंतीला केवळ पूजा होते की चर्चासत्रही होते, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर खेड्यात प्रत्यक्ष भरते का, असे विचारावे. मुलींच्या वसतिगृहात आईने स्वतः जाऊन भोजनगृह आणि पाणी पाहावे. छळवणुकीविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. त्यासाठीची समिती भिंतीवरील फलकापुरती आहे की नवा विद्यार्थी तिच्याकडे निर्धास्त जाऊ शकतो, हेही विद्यार्थ्यांच्या बोलण्यावरून कळते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी संस्कृत आणि इंग्रजी यांचे दुहेरी ओझे पेलावे लागते. अशा वेळी त्याला तारून नेतो तो वसतिगृहातील ज्येष्ठ मित्र. ज्या संस्थेत असे मैत्र रुजलेले असते तेथे सामान्य गुणांचा विद्यार्थीही उभा राहतो.

सहजीवन म्हणजे मोठ्या आवाजातील संगीत आणि पाहुणे कलावंत नव्हेत, हेही स्पष्ट केले पाहिजे. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या पायांना तेल लावणारा विद्यार्थी चार दिवसांत जेवढी माणसे पाहतो तेवढी वर्षभराच्या व्याख्यानांत दिसत नाहीत. नाटकात उभा राहिलेला विद्यार्थी रुग्णाच्या नातेवाइकांसमोर अडखळत नाही. दिघीच्या किनाऱ्यावर उद्या त्याला कोळी बांधवाशी, मुस्लिम कुटुंबातील वृद्धेशी, बंदरावर आलेल्या परप्रांतीय कामगाराशी बोलायचे आहे. हेतू, लक्षणे, पथ्यापथ्य हे सारे संवादावर अवलंबून आहे. मासे हाच ज्याचा रोजचा आहार, त्याला पथ्य सांगताना केवळ श्लोक उपयोगी पडत नाही, त्याचे घर समजावे लागते.

औषधालयांच्या चालकांचेही हित यात गुंतलेले आहे. अशोकाची साल म्हणून आसुपालवाची साल माथी मारली जाते, हे आपण जाणतो. तो भेद ओळखणारा वैद्य झाडाखाली उभे राहून शिकलेला असतो. द्रव्यगुणाचा अभ्यास सहलीतून आणि भैषज्यकल्पनेचा अभ्यास चुलीसमोरून झाला असेल तर उद्याचा चिकित्सक चांगल्या औषधाची पारख करील आणि प्रामाणिक उत्पादकाला न्याय देईल. अन्यथा बाजार सवलतीच्या मागे धावत राहील.

पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ मध्ये आणि वरळीचे पोदार महाविद्यालय १९४१ मध्ये सुरू झाले. अशा जुन्या संस्थांचे नाव मोठे आहे, पण केवळ जुन्या नावावरूनही निर्णय घेऊ नये आणि संस्था नवी म्हणून तिला नाकारूही नये. आजचे अध्यापक कोण, आजचे रुग्ण किती आणि आजचे विद्यार्थी काय बोलतात, यावर निवड ठरावी. शासकीय आणि खासगी शुल्कातील अंतर मोठे असते, म्हणून शिष्यवृत्तीचे नियम प्रवेशापूर्वीच समजून घ्यावेत. कर्ज काढून पदवी घेतलेला तरुण किनाऱ्यावरील लहान गावात परतण्याचे धाडस सहसा करीत नाही.

आमची सभासदांना विनंती आहे की पालकांच्या प्रश्नाला एका नावाने उत्तर देऊ नये. आपण ज्या महाविद्यालयांत परीक्षक, अध्यापक वा माजी विद्यार्थी म्हणून जातो तेथील खरी स्थिती त्यांना सांगावी, आणि जेथे रुग्णालय रिकामे आहे तेथे ते रिकामे आहे असे स्पष्ट म्हणावे. प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या मुलांना सुटीत आठ दिवस आपल्या चिकित्सालयात वा औषधालयात बसू द्यावे, म्हणजे आपण काय शिकायला जात आहोत हे त्यांना आधीच कळेल. जिल्हा शाखांनी दरवर्षी निकालानंतर पालकांची एक सभा घ्यावी आणि तीत प्रत्यक्ष शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना बोलवावे. खाडीकाठच्या गावांना उद्या वैद्य मिळायचा असेल तर त्याची निवड आजच, या प्रश्नाच्या उत्तरातून होत असते.