मागच्या सीटवर कोण बसणार?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीतल्या घराघरांत मोठ्याने वाचला जावा, असे मला फार वाटते. 1989 पासून तो पुस्तकात आहे. शिकाऊ परवान्यावर मोटारसायकल चालवणाऱ्याने मागे कोणाला बसवायचे नाही. बसवायचेच तर परवाना असलेल्या, शिकवणाऱ्या माणसाला. गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा. ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारींवर तो ‘एल’ दिसतो, दुचाकीवर जवळपास नाहीच. मागची सीट तर मित्रांची झाली आहे. कधी एक, कधी दोन.

बारावी झाली, कॉलेज सिडकोच्या पलीकडे, क्लास आणखी तिसरीकडे, आईवडील दोघेही कामावर. अशा घरात मुलाला किंवा मुलीला गाडी देणे ही चैन नसते, गरज असते. म्हणून ‘गाडी देऊच नका’ असे सांगणाऱ्यांत मी नाही. माझे भांडण गाडी कशी हातात पडते याच्याशी आहे. मित्राने गल्लीत दोन फेऱ्या मारून घेतल्या, क्लच सोडताना गाडी बंद पडेनाशी झाली, की शिक्षण संपले. त्यानंतरचा रस्ता थेट जालना रोड.

तिथे एसटी आहे, कंपन्यांच्या बस आहेत, चिकलठाणा एमआयडीसीचे ट्रक आहेत, हात दिसला की जागीच थांबणाऱ्या शेअर रिक्षा आहेत, आणि लांबचा वळसा टाळायला राँग साइडने येणारे आहेत. 2025 च्या जूनमध्ये महापालिकेने मुकुंदवाडीत रस्त्यालगतची बांधकामे हटवली. रस्ता रुंद व्हायलाच हवा होता. पण मोकळ्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर आपोआप पिळला जातो. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. समोरची रिक्षा थांबली हे डोक्यात शिरून बोटे ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 17 मीटर गेले. पुढे गाडी थांबायला लागणारे अंतर तर वेग दुप्पट झाला की चौपट होते. हे गणित अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात आहे. ते सोडवणाऱ्या मुलांना ते आपल्या हँडलशी कुणी जोडून दाखवलेले नसते.

परवान्याची चाचणीही ते दाखवत नाही. शिकाऊ परवान्यासाठी संगणकावर चिन्हांचे प्रश्न, पक्क्या परवान्यासाठी मैदानात आठचा आकडा. पाय न टेकवता आठ काढणे म्हणजे तोल आला, एवढेच. उभ्या रिक्षाच्या पलीकडून माणूस उतरू शकतो, ट्रकच्या डाव्या कुशीत आपण चालकाला दिसत नाही, बसचे पुढचे चाक वळू लागले की बस सुटणार, हे ओळखणारी नजर आठच्या आकड्यातून येत नाही. ब्रिटनमध्ये 2002 पासून परवान्याच्या परीक्षेत चित्रफीत दाखवून धोका किती लवकर ओळखला याचे गुण देतात. हे आपल्या आरटीओच्या संगणकावर करायला काहीच अवघड नाही, आणि चित्रफितीही आपल्याच रस्त्यांवरच्या हव्यात.

मोटारीसाठी निदान नियम आहे: ड्रायव्हिंग स्कूलने किमान 21 दिवस शिकवायचे, त्यात प्रत्यक्ष चालवणे किमान 10 तास. दुचाकी मात्र शिकायची गोष्ट मानलीच जात नाही. देशात 2022 मध्ये रस्त्यावर 1,68,491 माणसे गेली आणि त्यांतली सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती. ज्या वाहनावर सर्वाधिक माणसे मरतात, तेच आपण मुलांना मित्राच्या भरवशावर शिकू देतो. याचा मला राग येतो.

मात्र नुसते कसब वाढवून भागत नाही, हेही सांगायला हवे. नॉर्वेने 1970 च्या दशकाअखेरीस नवशिक्यांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायला शिकवले. तरुण पुरुषांचे अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे पुढच्या अभ्यासात दिसले. आपल्याला जमते असे वाटून ते जास्त धाडस करू लागले. न्यूझीलंडने 1987 मध्ये वेगळी वाट धरली. परवाना टप्प्याटप्प्याने द्यायचा. मधल्या टप्प्यात रात्री 10 ते पहाटे 5 एकट्याने चालवायचे नाही, सोबत अनुभवी चालक नसेल तर मित्र बसवायचे नाहीत. कारण नवशिका चालक तरुण असेल आणि सोबत त्याचेच मित्र असतील, तर धोका वाढतो, हे अनेक देशांत दिसून आले आहे. आपल्या तिसऱ्या नियमाच्या मुळाशी हेच शहाणपण आहे. फक्त तो शिकाऊ परवान्यापुरता आहे आणि पाळला जात नाही. पक्का परवाना मिळाल्यावरचे पहिले वर्षही त्याच्या कक्षेत यायला हवे.

शिक्षेची तरतूद आपल्याकडे कमी नाही. 2019 च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेल्यावर अल्पवयीन चालकाला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला. तो संताप योग्यच होता. पण शिक्षा अपघातानंतर येते. मी त्याआधीच्या सहा महिन्यांबद्दल बोलतो आहे, शिकाऊ परवान्याच्या.

त्या सहा महिन्यांत मागच्या सीटवर आई, बाबा, मामा किंवा मोठी ताई बसू शकते. परवाना आणि डोक्यावर हेल्मेट असले की झाले, हेल्मेट दोघांच्याही. रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना सुरुवात करा, मग कॉलेजच्या वेळेला, मग पावसात, शेवटी अंधारात. मागून ओरडू नका, विचारा: आता पुढे काय होईल असं वाटतंय? मुलाने बोलून दाखवायचे, ती रिक्षा थांबेल, ती मावशी रस्ता ओलांडेल. मोकळ्या मैदानात दोन्ही ब्रेक एकत्र दाबून थांबायला शिकवा; पुढच्या ब्रेकची भीती घालून मागच्यावरच विसंबायला शिकवलेली पिढी आपण वाढवली आहे. कॉलेजांनी पार्किंगचा पास देताना परवाना पाहावा, आणि वाहतूक पोलिसांनी मुकुंदवाडी सिग्नलवर हेल्मेटसोबत ‘एल’ची पाटीही तपासावी.