बातमीचा काटा कुणाचा?



ऊस घालताना आपण टनेज नंतर बघतो. आधी काटा कुणाचा आणि तो बरोबर आहे का, हे बघतो. मग आरोग्याची बातमी वाचतानाच ही सवय कुठे जाते?

जुलै 2023 मध्ये बातमी आली, की अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडीने कॅन्सर होतो. ‘शेवटी आपली साखरच खरी’ म्हणून ऊसवाल्याला बरे वाटणारच. पण मूळ निवेदन काय होते? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हा पदार्थ ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातला. पुरावा मर्यादित आहे, हेही सांगितले. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोज वजनाच्या किलोमागे 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. 70 किलोच्या माणसाला ती ओलांडायची तर दिवसाला शीतपेयाचे 9 ते 14 डबे रिचवावे लागतील. एकाने विचारले, धोका असू शकतो का? दुसऱ्याने विचारले, किती घेतल्यावर? मथळ्यात पहिलेच आले.

आता आपल्याच धंद्याचे सांगतो. अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संशोधन संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना सुमारे 6,500 डॉलर दिले. 1967 साली त्यांचा लेख एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. हृदयविकाराचा दोष त्यात चरबीवर टाकला होता, साखर मात्र सुटली. पैसे कुणाचे, हे लेखात नव्हते. तसा नियमही त्या काळी नव्हता. जुनी कागदपत्रे तपासून ही गोष्ट 2016 मध्ये उघड झाली. म्हणून माझे म्हणणे असे, की जी बातमी आपल्या फायद्याची, तिचा काटा आपण दोनदा तपासावा.

तिसरी गोष्ट तुलनेची. खतवाला सांगतो, ‘एकरी दहा टन वाढले.’ आपण लगेच विचारतो, ‘बाजूच्या बिनखताच्या सरीत किती निघाले?’ औषधाच्या बातमीलाही हाच प्रश्न घालावा. आणि ‘धोका पन्नास टक्क्यांनी वाढला’ असे वाचले तर विचारावे, कितीवरून किती? हजारात दोघांचे तिघे झाले तरी पन्नास टक्केच होतात की!

हे सारे कशासाठी? ‘गूळ नैसर्गिक, मधुमेह्याला चालतो’ असा निरोप फोनवर येतो आणि कुणी गोळी बंद करून बसतो. गुळातही बहुतांश साखरच असते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? गुऱ्हाळ आपल्याच शिवारातले. दिवसाच्या एकूण उष्मांकात अशा साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले आहे. आपण साखर पिकवतो म्हणून हे घरच्यांपासून लपवू नये.

बातमी वाचून डॉक्टरांना जरूर विचारा. बातमी वाचून गोळी मात्र बंद करू नका.