उद्याच्या शहरात दोरी कुठे?

परवा आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा झाली. एका तरुण आर्किटेक्टने भिंतीवर चित्र दाखवले. चाळीस मजली काचेचा मनोरा, सातव्या मजल्यावर बाग, गच्चीवर आकाशाला टेकलेला तलाव आणि खाली हिरवळीवरून चालणारी माणसे. सगळी सडपातळ, सगळी हसतमुख, एकाच्याही हातात भाजीची पिशवी नाही. ‘‘हे उद्याचं शहर!’’ तो म्हणाला. सभा गप्प. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकूंनी विचारले, ‘‘अहो, यात कपडे वाळत घालायची दोरी कुठेय?’’

माझे स्पष्ट मत आहे, की गेल्या शंभर वर्षांत शहररचनेवर इतका मूलभूत प्रश्न कुणी विचारलेला नाही.

कारण हा रोग त्या पोराचा एकट्याचा नव्हे, तो घराणेदार आहे. १९२५ साली ल कॉर्ब्युझिए या थोर वास्तुकाराने सुचवले, की पॅरिसच्या मध्यवस्तीतला मोठा भाग पाडून तिथे साठ-साठ मजल्यांचे अठरा मनोरे उभारावेत. या योजनेला नाव आणि पैसा एका मोटारकंपनीचा. मोटारवाल्याच्या पैशाने काढलेल्या शहरात पायी चालणाऱ्याचे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पॅरिसकर शहाणे, त्यांनी ऐकले नाही.

१९६४ साली इंग्लंडातल्या रॉन हेरन यांनी त्याहून पुढची उडी मारली. त्यांनी ‘चालते शहर’ काढले. लांब पायांवर चालणाऱ्या किड्यांसारख्या अवाढव्य इमारती, वाटेल तिथे जाणाऱ्या. जगाने तोंडात बोटे घातली. आता बोरिवलीकराला याचे काय कौतुक? आमचे शहर रोज सकाळी फास्ट लोकल होऊन चर्चगेटकडे चालू लागते. त्यात भजने होतात, भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होते, दसऱ्याला डब्याला हार पडतो. फक्त हेरनसाहेबांच्या शहरात बसायला जागा असावी.

टोकियोत कुरोकावा यांनी १९७२ साली १४० खोक्यांची इमारत प्रत्यक्ष बांधली. दर पंचवीस वर्षांनी खोके काढायचे, नवे बसवायचे. एकही बदलले गेले नाही. शेवटी २०२२ साली इमारतच उतरवली. खोके होते साधारण दहा चौरस मीटरचे. आमच्या आजोबांची गिरगावातली खोली दहा बाय बारा फुटांची, म्हणजे त्याहून किंचित मोठीच. तीत आम्ही सात जण, वर मे महिन्यातले पाहुणे. टोकियोत त्याला भविष्य म्हणतात, गिरगावात अडचण!

आता तुम्ही म्हणाल, हा बँकेतला कारकून स्वप्नांवरच उठलाय. मुळीच नाही. आपल्या मुंबईलाही एक स्वप्न पडले होते आणि ते चांगले होते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडले, की खाडीपलीकडे नवे शहर वसवा आणि सरकारी कचेऱ्याच तिकडे न्या. माणसे आपोआप जातील. यात जादू नव्हती, साधा हिशेब होता. १९७० साली सिडको स्थापन झाली.

पुढचे खाते मात्र टॅली होत नाही. एका हाताने नवी मुंबई आखली, दुसऱ्या हाताने नरिमन पॉइंटला भर घालून मनोरे उभे केले. मंत्रालय आपल्या जागेवरून तसूभर हलले नाही. उलट १९८१ साली विधान भवनाची नवी इमारत झाली तीही नरिमन पॉइंटलाच! वाशीला लोकल पोहोचली १९९२ साली, म्हणजे सिडकोनंतर बावीस वर्षांनी. आणि या स्वप्नासाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये योग्य मोबदल्यासाठी उरण तालुक्यात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात पाच जण गेले. नकाशावर ती जागा हिरव्या रंगाने दाखवतात.

मी रोज तीन तास प्रवास करतो. वर्षाचे दोनशे सत्तर दिवस धरा, नोकरीची वीस वर्षे धरा. सोळा हजार दोनशे तास. म्हणजे रात्रंदिवस पावणेदोन वर्षांहून जास्त काळ मी गाडीत उभा आहे. एवढ्या वेळात मुलगा चालायला आणि बोलायला शिकतो. आमचाही शिकला, म्हणे. मी घरी नव्हतो. मनोऱ्यांची उंची मोजणाऱ्यांनी हे माप एकदा लावून पाहावे.

म्हणूनच मला कोरियांचे बेलापूरचे आर्टिस्ट्स व्हिलेज आवडते. १९८०च्या दशकात त्यांनी तिथे सात-सात बुटकी घरे एकेका अंगणाभोवती मांडली. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, का? तर पुढेमागे ज्याला वाढवायचे त्याने वाढवावे. लोकांनी वाढवली, काहींनी पाडून नवी बांधली. जाणकार हळहळतात. मी म्हणतो, शाबास! उद्या काय हवे ते उद्याच्या माणसाला ठरवू देणारा हाच एक खरा भविष्यवादी.

सभेत आर्किटेक्ट काकूंना म्हणाला, ‘‘ड्रायरची सोय आहे, मॅडम.’’ काकू म्हणाल्या, ‘‘आणि त्याच्या बिलाची?’’

माझे संमतिपत्र अजून खिशातच आहे. चित्रात दोरी दिसली, की सही करीन.