तीन पिढ्यांची पेढी

वडिलोपार्जित पेढीवर मुलगा बसतो, तेव्हा त्याच्या वाट्याला दुकान, माल, गिऱ्हाईक आणि वहीखाते येते. कलकत्त्याच्या राय घराण्यातील सत्यजित राय यांच्या वाट्याला यांपैकी काहीही आले नाही. ते अडीच वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील गेले. सहा वर्षांचे होईपर्यंत पेढीचे दिवाळे निघाले होते आणि राहते घरही विकले गेले होते. तरीही मुलांसाठी लिहिण्याची या घराण्याची परंपरा त्यांच्याच हातून सर्वांत दूरवर पोहोचली. जे बुडाले ते काय होते आणि जे उरले ते काय, हे या तीन पिढ्यांच्या चरित्रातून उमजते.

आजोबा उपेंद्रकिशोर राय चौधुरी यांचा जन्म 1863 साली मैमनसिंह जिल्ह्यातला. मूळ नाव कामदारंजन. नात्यातील एका जमीनदाराने त्यांना लहानपणीच दत्तक घेतले आणि नवे नाव दिले. चित्रकला आणि व्हायोलिनवादन या दोहोंत ते पारंगत होते. मुलांसाठी त्यांनी रामायण लिहिले व त्यातील चित्रेही स्वतः काढली. परंतु लाकडी ठशांवरून छापताना ती चित्रे पार बिघडून गेली. मुलांच्या पुस्तकात असे चालायचेच, असे म्हणून दुसरा कोणी गप्प बसला असता. उपेंद्रकिशोरांना ते मानवले नाही. 1895 साली त्यांनी पदरचा पैसा घालून इंग्लंडहून कॅमेरा व हाफटोन छपाईची सामग्री मागवली. लहानमोठ्या ठिपक्यांतून चित्रातील छायाप्रकाश उमटवण्याची ही पद्धत हिंदुस्थानात तेव्हा नवी होती. इंग्लंडला न जाता, केवळ ग्रंथवाचन आणि प्रयोग यांच्या बळावर त्यांनी ती आत्मसात केली. इतकेच नव्हे, तर या विषयावरील त्यांचे संशोधनपर लेख लंडनच्या पेनरोज वार्षिकात प्रसिद्ध झाले. ‘यू. राय अँड सन्स’ ही पेढी उभी राहिली ती अशा एका असमाधानातून.

1913 साली या पेढीने मुलांसाठी ‘संदेश’ हे मासिक सुरू केले. बंगालीत संदेश म्हणजे वार्ता आणि संदेश म्हणजे मिठाईही. दोन्ही अर्थ मासिकाला शोभणारे होते. कथा, विज्ञान, कोडी, चित्रे यांनी ते भरलेले असे. गडपार रोडवर उपेंद्रकिशोरांनी स्वतःच्या आराखड्याप्रमाणे घर बांधले. त्याच्या पुढच्या भागात छापखाना आणि मागे कुटुंबाचा संसार होता. मुले, मुली, भाऊ असे सारे घरच ‘संदेश’साठी लिहिते झाले. 1915 च्या डिसेंबरात उपेंद्रकिशोर निवर्तले, तेव्हा मासिकाला तीन वर्षेही पुरी झाली नव्हती.

थोरले चिरंजीव सुकुमार यांची तयारी मात्र झालेली होती. प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिक व रसायन या दोन्ही शास्त्रांत त्यांनी विशेष पदवी घेतली होती. 1911 साली शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेला गेले आणि लंडन व मँचेस्टर येथे मुद्रणतंत्र शिकून आले. पेढीच्या मालकाने शिकावे तसे हे शिक्षण. परंतु त्यांच्या लेखणीतून उतरले ते नितांत खट्याळ साहित्य. त्यांच्या ‘ह-य-ब-र-ल’ या कथेत पाटीवर आकडेमोड करणारा एक हिशेबनीस कावळा आहे. सात दुणे किती, हे वेळेवर अवलंबून असते, असे तो गंभीरपणे बजावतो. तर्कशास्त्र ज्याला पक्के ठाऊक आहे, त्यालाच ते असे उलटेसुलटे करता येते.

1921 साली सुकुमारांना काळाआजार जडला. त्याच वर्षी सत्यजित यांचा जन्म झाला. त्या काळी या दुखण्यावर खात्रीचा उपाय हाती नव्हता. अडीच वर्षे अंथरुणाला खिळून असतानाही सुकुमार लिहीत राहिले, चित्रे काढीत राहिले. ‘आबोल ताबोल’ या आपल्या कवितासंग्रहाची मांडणी आणि मुखपृष्ठ त्यांनी आजारपणातच सिद्ध केले. रवींद्रनाथ ठाकूर भेटीला आले, तेव्हा सुकुमारांच्या इच्छेवरून त्यांनी उशाशी बसून गाणी म्हटली. 10 सप्टेंबर 1923 रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सुकुमार गेले. पुढे नऊ दिवसांनी ‘आबोल ताबोल’ प्रसिद्ध झाले. छापील पुस्तक त्यांना हातात घेता आले नाही.

धाकटे बंधू सुविनय यांनी धुरा खांद्यावर घेतली. पण पेढी कर्जात रुतत गेली आणि अखेर परक्या हातांत गेली. सुकुमारांच्या पत्नी सुप्रभा लहानग्या सत्यजितला घेऊन भावाच्या आश्रयाला गेल्या. विधवांसाठी चालणाऱ्या संस्थेत शिवणकाम शिकवून त्यांनी मुलाला वाढवले. ‘संदेश’ काही काळ अडखळत चालले आणि मग बंद पडले.

सत्यजित यांनी एका जाहिरात कंपनीत चित्रकाराची नोकरी धरली. सिग्नेट प्रेससाठी ते पुस्तकांची मुखपृष्ठे करीत. ‘पथेर पांचाली’च्या बालआवृत्तीची चित्रे काढताना त्या कथेत त्यांचे मन गुंतले आणि 1955 साली त्याच नावाच्या चित्रपटाने त्यांना जगात कीर्ती मिळवून दिली. आता मागे वळून पाहण्याचे त्यांना कारण नव्हते. परंतु 1961 साली, वयाच्या चाळिशीत, कवी सुभाष मुखोपाध्याय यांना सोबत घेऊन त्यांनी बंद पडलेला ‘संदेश’ पुन्हा सुरू केला.

मासिकाला मजकूर हवा, म्हणून जगद्विख्यात दिग्दर्शक मुलांसाठी लिहू लागला. प्रोफेसर शोंकू अवतरले. 1965 साली फेलूदा आला. दोन वर्षांतच मासिक एका सहकारी समितीच्या हाती सोपवण्यात आले होते आणि त्या समितीला नाव दिले गेले सुकुमारांचे. आत्या लीला मजुमदार आणि आतेबहीण नलिनी दास संपादनाला येऊन मिळाल्या. म्हणजे घर पुन्हा एकदा ‘संदेश’भोवती गोळा झाले. आजोबांनी 1915 साली ‘संदेश’मध्ये लिहिलेल्या गुपी-बाघाच्या कथेवर सत्यजित यांनी 1969 साली चित्रपट काढला आणि बंगालमधील मुलांनी तो डोक्यावर घेतला.

येथे एक व्यावहारिक गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. चित्रपटांतून सत्यजित यांना कीर्ती अमाप मिळाली. परंतु पुढील आयुष्यात घरखर्चाचा मोठा आधार ठरले ते मुलांच्या पुस्तकांचे उत्पन्न. घराण्याचे बुडीत खाते अशा रीतीने नातवाच्या हातून पुन्हा जमेच्या बाजूला आले. त्यातील काही ठेव मराठी घरांतही पोहोचली आहे. पत्रकार अशोक जैन यांनी फेलूदाच्या कथा मराठीत आणल्या.

छापखाना, यंत्रे आणि गडपार रोडवरचे घर ही मालमत्ता होती आणि ती देण्यापायी गेली. परंतु गिऱ्हाईक लहान आहे म्हणून माल हलका द्यायचा नाही, हा उपेंद्रकिशोरांनी घालून दिलेला दंडक कोणत्याही कर्जात गहाण पडला नव्हता. नातवाला आजोबांचा सहवास लाभला नाही, वडिलांचा चेहराही धड आठवत नव्हता. तरी तो दंडक त्याला ठाऊक होता, कारण तो ‘संदेश’च्या जुन्या अंकांत पानोपानी छापलेला होता.