जुन्या जीपची पुढची नकल : अर्धी दुरुस्ती नको



गाळप संपले की आपल्या कारखान्यात मिल उघडतात. बेअरिंगा काढून पाहतात, झिजलेले रोलर लेथवर जातात आणि त्या खर्चाबद्दल वार्षिक सभेत कोणी चकार शब्द काढीत नाही. शेतकी खात्याच्या जुन्या जीपचा खर्च मांडला की मात्र प्रश्न ठरलेला : "अहो, भंगारात का घालत नाही ती?" हा प्रश्न आम्ही वाईट मानीत नाही. पैसा सभासदांचा आहे. आमचे म्हणणे एवढेच, की गाडी एक तर पुरती नीट करा, नाही तर खरोखर विका. या दोहोंच्या मध्ये जे "चालतंय की" म्हणून चालते, ते धोक्याचे आहे.

महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीप आपल्याकडे आणली. पुढची चाकेही ओढ घेतात म्हणून ही गाडी पाटाच्या कडेने, ओल्या काळ्या रानातूनही निघते. पण त्यासाठी पुढच्या अॅक्सलच्या टोकांना एक अवघड रचना करावी लागली. टोकाला पोकळ लोखंडी गोळा, त्याच्यावर फिरणारी वाटी, आणि वाटीला वर-खाली एकेक किंगपिन बेअरिंगसह. या वाटीला मिस्त्री लोक 'नकल' म्हणतात. (परीक्षेतल्या नकलेशी तिचा संबंध नाही!) गोळ्याच्या आतून चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा जातो. त्याचे वंगण बाहेर पडू नये आणि चिखल आत शिरू नये म्हणून मागच्या अंगाला गोळ्यावर घासत राहणारे सील असते. सगळी मदार त्या सीलवर.

सील फाटले की ओढ्याचे पाणी आत जाते. वंगण दुधाच्या चहासारखे होते, बेअरिंगा गंजतात. मग एके दिवशी खड्ड्यातून गाडी गेली की स्टेअरिंग हातात थरथरू लागते आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. हंगामात आपल्या रस्त्यावर बैलगाड्या असतात, कडेला तोडणी कामगारांच्या कोप्या असतात, त्यांची लेकरे खेळत असतात. अशा ठिकाणी ड्रायव्हरच्या हातात स्टेअरिंग नसणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

यावर उपाय काय करतात? ग्रीसचा पंप घेऊन नकल गच्च भरतात. जादा झालेले वंगण हबातून ब्रेकच्या लायनरवर येते, म्हणजे एक दुखणे झाकताना दुसरे घेतले. कोणी किंगपिनखालच्या शिमा काढून आवळून देतो. थरथर थांबते खरी, पण फुटक्या बेअरिंगवर आवळल्याने स्टेअरिंग जड होते आणि वळणानंतर चाक आपणहून सरळ येत नाही. अशा दुरुस्तीला दिलेले पैसे पाण्यात गेले समजा.

दोष ओळखणे सोपे आहे. पुढचे चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. हलले, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही हलते, तर किंगपिन गेली. आणखी एक खूण : नकलेतून पातळ तेल सारखे गळते आणि डिफरन्शियलचे तेल उतरते, तर अॅक्सलच्या नळीतले आतले सीलही गेले. नकल उघडली आहे तेव्हाच ते बदलावे, नाही तर तेच काम पुन्हा मुळापासून करावे लागते.

उघडल्यावर बेअरिंग तिच्या कपासह बदलावी. जुन्या कपात नवी बेअरिंग घालणे ही काटकसर नव्हे. गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवे सील महिन्याभरात चिरते, म्हणून तो भरून, घासून गुळगुळीत करावा. शिमा बसवताना नुसत्या हाताच्या अंदाजावर जाऊ नये. टाय रॉड सुटा असताना, सील घालण्यापूर्वी, नकलेच्या दांड्याला स्प्रिंगचा काटा लावून ओढून पाहावे आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडावे. आपल्या वर्कशॉपमधले फिटर मिलच्या बेअरिंगा बसवतात, त्यांना हे जड नाही. शेवटी टाय रॉडची टोके पाहून चाकांचा टो-इन जुळवावा.

आणि दोन्ही बाजू एकदमच कराव्यात. दोन्ही चाके त्याच चिखलातून गेलेली असतात. ज्या सभासदांकडे स्वतःची जुनी जीप आहे त्यांनाही आमचे हेच सांगणे आहे, फक्त काम पावसाळ्याआधी काढावे. तोडणी सुरू झाल्यावर गाडी चार दिवस उभी करायला कोणाचेच मन होत नाही.

खात्याच्या जीपचे दोन्ही गोळे या बंद हंगामात उघडून पाहावेत, असे आम्ही सुचवतो. ते भरून येण्यापलीकडे खड्डे पडलेले निघाले, तर ती विक्रीच्या यादीत घालायला आमची हरकत नाही.